शंकू फिल्टर लावला, मग जेटचे काय?

प्रश्न : घोटीच्या एका वाचकाने यामाहा आरएक्स 100चा मूळ एअरबॉक्स काढून शंकूच्या आकाराचा फिल्टर बसवला. आता गाडी पाऊण थ्रॉटलच्या पुढे अडखळते, प्लग पांढरा दिसतो. उपाय काय?

उत्तर : हवा वाढली, पेट्रोल तेवढेच राहिले, मिश्रण पातळ झाले. पाऊण थ्रॉटलच्या वर सत्ता मेन जेटची, म्हणून आधी तो एकेका नंबराने वाढवावा. मोकळ्या रस्त्यावर फुल थ्रॉटल देऊन क्लच दाबावा, इंजिन तिथेच बंद करावे आणि प्लग काढून पाहावा. तपकिरी रंग आला की थांबावे. मधल्या थ्रॉटलला अडखळत असेल, तर निडलची क्लिप एक खाच खाली घ्यावी. सुई वर येते, पेट्रोल वाढते. ड्रिल घालून जेटचे भोक मोठे करणारे मिस्त्री अजूनही भेटतात. त्यांना लांबूनच नमस्कार.

घोटीची मेख वेगळीच. इगतपुरी-घोटीचा पट्टा सुमारे 600 मीटर उंचीवर, हवा थोडी विरळ. इथे काटेकोर जुळवलेले मिश्रण कसारा घाट उतरून मुंबईकडे गेले की पुन्हा पातळ पडते, आणि टू-स्ट्रोकचा पिस्टन तापून जाम व्हायला तेवढे पुरते. जेट किंचित मोठाच ठेवावा.

शिवाय इथला पाऊस! उघडा फिल्टर भिजला की हवा कोंडते, प्लग उलट काळा पडतो. भातलावणीच्या दिवसांत मूळ एअरबॉक्स परत चढवला, तर जुना जेटही सोबत बसवावा.