रसायनशास्त्राचा इतिहास : सुरुवात कुठून?

प्रश्न : मी बी.एस्सी.ला आहे. रसायनशास्त्राचा इतिहास कुठून वाचायला घेऊ?

उत्तर : ऑक्सिजनपासून घ्या. १ ऑगस्ट १७७४ रोजी जोसेफ प्रीस्टलींनी भिंगाने ऊन एकवटून पाऱ्याची तांबडी राख तापवली. निघालेल्या वायूत मेणबत्ती भडकून जळू लागली. तरी ते जळताना पदार्थातून ‘फ्लॉजिस्टन’ नावाचं द्रव्य बाहेर पडतं असं मानणाऱ्या जुन्या सिद्धांतालाच शेवटपर्यंत चिकटून राहिले. ज्वलनाचा खरा अर्थ लावला तो काटेकोर वजनं करणाऱ्या लव्हाझिएंनी. त्यांचा १७८९चा ग्रंथ इंग्रजी अनुवादात मिळतो, तो आधी वाचा. त्यातल्या उपकरणांच्या आकृत्या त्यांच्या पत्नी मारी-ॲन यांनी काढल्या आहेत. त्या सावकाश बघाच. भारतीय रसपरंपरेसाठी प्रफुल्लचंद्र राय यांचे दोन खंड (१९०२, १९०९) आजही वाचण्याजोगे आहेत.