बिडी सुटल्यानंतरची भीती

वाचनभाग : १ राजे १९:१-८



टेंभुर्णी हे जालना जिल्ह्यातील जाफराबाद तालुक्याचे गाव. टेंभुर्णी हे मुळात झाडाचे नाव आहे. विदर्भात याच झाडाला तेंदू म्हणतात. त्याच्या पानात तंबाखू वळली की बिडी होते. मी बावीस वर्षे ते पान ओढले. बिडीने कर्करोग होतो, दमा होतो, हे आपण सभेत पुष्कळदा ऐकले आहे. आज मला दुसरे सांगायचे आहे. बिडी सोडल्यावर पहिल्या काही आठवड्यांत जी भीती आणि कासाविशी येते, तिच्याविषयी आपल्यात कोणी बोलत नाही. ती ओळखता न आल्यामुळे मी दोनदा परत फिरलो, आणि एका भावाला मीच परत फिरवले.

माझी गोष्ट

पहिल्यांदा सोडली तेव्हा पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी छातीत धडधड सुरू झाली. तिसऱ्या रात्री झोप लागेना म्हणून पहाटे अंगणात येऊन बसलो. मुले बरी होती, डोक्यावर कर्ज नव्हते, तरी काहीतरी वाईट घडणार असे वाटत होते. पत्नीने विचारले, "अहो, काय होतंय?" तर मी तिच्यावरच ओरडलो. चौथ्या दिवशी टपरीवर गेलो. दोन झुरके घेतले आणि जीव शांत झाला. तेव्हा मी मनाशी ठरवून टाकले की माझ्यासारख्या काळजी करणाऱ्या माणसाला बिडी हे औषधच आहे. दुसऱ्या वेळीही असेच झाले. तिसऱ्या वेळी सुटली, पण त्या रात्रींविषयी मी कोणाला सांगितले नाही. विश्वासणाऱ्या माणसाला अशी भीती वाटते याची लाज वाटत होती.

पुढे वस्तीवरच्या एका भिल्ल भावाने माझे ऐकून बिडी सोडली. तो ऊसतोडीला जाणारा. आठव्या दिवशी मला म्हणाला, "गुरुजी, बिडी व्हती तवा जीव ठिकाणावर व्हता. आता उगंच भ्या वाटतंय. पोरांवर हात उठतोय." मी त्याला म्हणालो, "तू प्रार्थनेत कमी पडतोस." तो काही बोलला नाही. पुढच्या सभेला आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. मी स्वतःला जे टोचत होतो, तेच त्याला टोचले होते.

ही भीती येते कोठून?

हे मला पुढे सरकारी दवाखान्यातील एका डॉक्टरांनी समजावले. धूर आत घेतला की त्यातील निकोटीन काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचते आणि बरे वाटते. पण साधारण दोन तासांत रक्तातील त्याचे प्रमाण निम्म्यावर येते. मग चुळबुळ होते, चिडचिड होते, जीव घाबरतो. पुढची बिडी ओढली की हे थांबते, म्हणून आपल्याला वाटते की बिडीने काळजी घालवली. खरे तर आधीच्या बिडीने लावलेली कासाविशी तिने तेवढ्यापुरती थांबवलेली असते. सावकाराने जुने व्याज फेडायला नवे कर्ज द्यावे, तसा हा व्यवहार आहे.

बिडी पूर्ण सोडली की हा त्रास पहिल्याच दिवशी सुरू होतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तो सर्वांत जास्त असतो, आणि बहुतेकांच्या बाबतीत दोन ते चार आठवड्यांत ओसरतो. म्हणजे मी चौथ्या दिवशी टपरीवर गेलो, तेव्हा चढ जवळजवळ संपला होता. मला कोणी तसे सांगितले नव्हते, एवढेच.

आणखी एक गोष्ट. २०१४ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये २६ अभ्यासांचा एकत्र आढावा छापून आला. धूम्रपान सोडलेल्यांची चिंता, उदासी आणि ताण, सोडण्यापूर्वीपेक्षा कमी झाल्याचे त्यात दिसले. तेव्हा "बिडी गेली तर माझे डोके ठिकाणावर राहणार नाही" ही समजूत खरी नाही. सुरुवातीचे आठवडे कठीण जातात, पण पुढे मन पूर्वीपेक्षा शांत होते.

एलीयाला काय मिळाले?

कर्मेल डोंगरावर एवढे मोठे यश मिळाले, आणि लगेच एलीया भ्याला. रानात पळाला, रतामाच्या झुडपाखाली बसला आणि मरण मागू लागला. ही भीती पराभवानंतरची नव्हती, विजयानंतरची होती. देवाने त्याला रागावले का? नाही. दूताने त्याला स्पर्श करून उठवले, भाकर आणि पाणी दिले, पुन्हा झोपू दिले, पुन्हा खायला दिले. होरेबची वाट त्यानंतर. मी त्या भावाला यांपैकी काहीच दिले नाही. सरळ प्रश्न विचारला, तोही टोचणारा.

काय करावे?

१. तारीख विचार करून ठरवा. ऊसतोडीला निघण्याच्या धांदलीत किंवा घरात लग्न असताना सोडू नका. घरच्यांना आधी सांगून ठेवा : "महिनाभर माझी चिडचिड होईल, मनावर घेऊ नका."

२. चहा निम्मा करा. हे पुष्कळांना ठाऊक नसते. धुरामुळे शरीर चहातील कॅफीन लवकर बाहेर टाकते. धूर बंद झाला की तेवढ्याच चहाचा परिणाम जास्त वेळ राहतो. मग छाती धडधडते, झोप जाते, आणि आपण म्हणतो बिडीवाचून जीव घाबरतो. संध्याकाळचा चहा तर बंदच ठेवा.

३. वेळेवर जेवा. बिडीने भूक मरते. ती सुटली की भूक जागी होते, आणि रिकाम्या पोटाची थरथरही भीतीसारखीच वाटते. खिशात फुटाणे किंवा बडीशेप ठेवा.

४. विसावा सोडू नका. मजुराला कामात बसायला मिळते ते बिडीच्या निमित्ताने. बिडी सोडली की तो विसावाही जातो. तेव्हा त्याच वेळी, त्याच बांधावर पाच मिनिटे बसा आणि पाणी प्या. बिडी ओढताना आपण खोल श्वास घेऊन हळू सोडत होतो. तसाच श्वास धुराशिवाय घ्या. तलफ बहुधा काही मिनिटांतच उतरते.

५. बिडीच्या जागी मशेरी, गुटखा किंवा चुना-तंबाखू घेऊ नका. निकोटीन तेच आहे. आपल्या राज्यात हाच धोका मोठा आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करणारे आढळले, पण तोंडातून तंबाखू घेणारे २४.४ टक्के होते.

६. मदत मागा. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय मोफत क्रमांक आहे. तो तंबाखूच्या पुड्यांवर छापलेला असतो. मन फार घाबरत असेल तर टेली-मानसचा १४४१६ हाही क्रमांक मोफत आहे. निकोटीनचे च्युइंगगम औषधाच्या दुकानात मिळते, पण ते डॉक्टरांना विचारून घ्यावे. मानसिक आजाराच्या गोळ्या चालू असतील तर बिडी सोडत असल्याचे डॉक्टरांना आधी सांगा, कारण धूर बंद झाल्यावर काही गोळ्यांचे प्रमाण बदलावे लागते. छातीत दुखत असेल, जीव नकोसा वाटत असेल, किंवा महिन्यानंतरही भीती जात नसेल, तर ती बिडीचीच आहे असे समजून घरी बसू नका. दवाखाना गाठा.

मंडळीने काय करावे?

एकट्याने सोडणे कठीण असते. गडचिरोलीत २०१६ पासून 'मुक्तिपथ' अभियान दारू आणि तंबाखूविरुद्ध गावोगावी काम करत आहे. तेथे गावालाच सोबत घेतले जाते. आपणही तसे करू शकतो. कोणी सोडल्याचे कळले की सभेत टाळ्या वाजवून थांबू नका. दुसऱ्या, तिसऱ्या आणि आठव्या दिवशी त्याच्या घरी जा. भाकरी खा, बसा, थोडे बोला. परत ओढली असेल तर मोजमाप करू नका. मीही तिसऱ्या वेळी सुटलो. आणि वस्तीवर बोलताना हेही लक्षात ठेवा की तेंदूपाने तोडून कित्येक आदिवासी कुटुंबे उन्हाळ्यात चूल पेटवतात. त्यांच्या पोटाला दोष देऊ नका.

त्या भावाकडे मी मागच्या वर्षी गेलो. म्हणालो, "दादा, चूक माझी होती. तुला जे झालं तेच मला झालं होतं. मी सांगितलं नाही." तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "तुमालाबी?" ऊसतोडीहून परतल्यावर त्याने पुन्हा सोडली. या वेळी तिसऱ्या रात्री मी त्याच्या ओट्यावर होतो. परवा भेटला तेव्हा नववा आठवडा चालू होता. चहाच्या वेळी अजून हात खिशाकडे जातो म्हणाला. पोरे मात्र त्याच्या अंगाखांद्यावर खेळत होती.

चर्चेसाठी प्रश्न

१. एलीयाला आधी झोप आणि भाकर का मिळाली असावी?

२. आपल्या मंडळीत "मला भीती वाटते" असे मोकळेपणाने सांगता येते का? येत नसेल तर का?

३. या तीन महिन्यांत तंबाखू सोडणाऱ्या कोणत्या एका व्यक्तीच्या घरी आपण तिसऱ्या दिवशी जाऊ?