कंदील, ढोल आणि वर्तुळ : हवाईतला बोन ओदोरी

पॅसिफिक महासागराच्या नकाशावर मधोमध काही ठिपके दिसतात. ती हवाई बेटं. जून ते ऑगस्टमधल्या एखाद्या शनिवारी संध्याकाळी तिथल्या बौद्ध मंदिराच्या आवारात गेलात, तर एक मजेशीर दृश्य दिसतं. मध्ये लाकडी मचाण, त्यावर मोठा ढोल, वर दोऱ्यांना टांगलेले कागदी कंदील आणि भोवती गोल फिरत नाचणारी माणसं. त्यात आजीबाई असतात, शाळकरी पोरं असतात, सुती युकाता नेसलेल्या मुली असतात आणि हाफ पँटमधले पर्यटकही! बाजूच्या स्टॉलवर ओकिनावाचे तळलेले गोड अंदागी घ्यायला रांग लागलेली असते.

याला म्हणतात बोन ओदोरी, म्हणजे बोनचा नाच. वाटते जत्रा, पण मुळात हे पितरांचं स्मरण आहे.

बोन म्हणजे काय?

जपानमध्ये बहुतेक ठिकाणी ऑगस्टच्या मध्यावर 'ओबोन' येतो. या दिवसांत पितर घरी येतात अशी श्रद्धा आहे. त्यांना वाट दिसावी म्हणून दिवे लावायचे, त्यांच्यासाठी नाचायचं आणि शेवटी त्यांना निरोप द्यायचा. काही ठिकाणी निरोपाचे कंदील पाण्यात सोडतात. आपल्याला पितृपक्ष आठवेल, पण इथे ढोल वाजतो हा मोठा फरक!

'बोन' हा शब्द संस्कृत 'उल्लंबन' यावरून आला असं परंपरा मानते. कथाही आपल्या ओळखीची आहे. बुद्धांचा शिष्य मौद्गल्यायन याला आपली मेलेली आई प्रेतलोकात उपाशी दिसली. बुद्धांच्या सांगण्यावरून त्याने भिक्षूसंघाला दान दिलं, आई सुटली आणि तो आनंदाने नाचू लागला.

उसाच्या मळ्यात

हवाईत १८६८ साली सुमारे दीडशे जपानी मजूर आले होते. पण खरा ओघ सुरू झाला तो ८ फेब्रुवारी १८८५ पासून. त्या दिवशी नऊशेहून अधिक माणसं घेऊन एक जहाज होनोलुलूला लागलं. तीन वर्षांचा करार, उसाचे मळे आणि दिवसाला दहा तासांचं काम. १८८९ मध्ये पहिला जपानी बौद्ध धर्मगुरू आला आणि मग मळ्यांच्या आसपास छोटी मंदिरं उभी राहिली. मळ्यात मेलेल्याच्या नावाने दिवा लावायला गावचं घर जवळ नव्हतं. ते काम या मंदिराच्या आवाराने केलं.

इथे येऊन प्रथा थोडी बदलली. जपानात बोन दोन-चार दिवसांत संपतो. हवाईत त्याचा चक्क सीझन झाला. या आठवड्यात हे मंदिर, पुढच्या आठवड्यात ते. त्यामुळे एका मंदिराची माणसं दुसऱ्याच्या नाचाला जाऊ शकतात. अगदी आपल्या टाइमटेबलसारखं, क्लॅश होऊ द्यायचा नाही!

दुसरा बदल असा. जपानात प्रत्येक भागाचा नाच वेगळा असतो. हवाईत फुकुशिमाचे, हिरोशिमा-यामागुचीचे, ओकिनावाचे मजूर शेजारी राहायला आले आणि त्यांचे नाचही एकाच वर्तुळात आले. 'तांको बुशी' हा तर कोळसा खाणीतल्या कामगारांचा नाच. खणायचं, कोळसा खांद्यावरून मागे टाकायचा, कपाळावर हात धरून वर बघायचं, गाडी ढकलायची, की पुन्हा पहिल्यापासून. थोडक्यात काय, एक लूप! दोन फेऱ्यांत कोणालाही जमतो.

दिवे विझले तेव्हा

७ डिसेंबर १९४१ ला जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला. त्याच दिवशी हवाईत लष्करी कायदा आला. सुरुवातीलाच पकडलेल्यांत बौद्ध धर्मगुरू होते. मंदिरं बंद झाली, रात्री दिवे लावायला बंदी आली. बोन थांबला. अमेरिकेच्या मुख्य भूमीवर तर सुमारे १ लाख २० हजार जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबलं गेलं, त्यांतले बहुसंख्य अमेरिकेचेच नागरिक होते. आश्चर्य म्हणजे तिथे काटेरी तारांच्या आतही लोकांनी बोन ओदोरी केला.

त्याच काळात हवाईची जपानी वंशाची मुलं अमेरिकेच्या १०० व्या बटालियनमधून आणि ४४२ व्या रेजिमेंटमधून इटली-फ्रान्समध्ये लढत होती. अनेकजण परतले नाहीत. युद्धानंतर आवारात पुन्हा कंदील लागले, तेव्हा ज्यांना बोलवायचं होतं त्यांत ही मुलंही होती.

आज काय?

आज चौथी-पाचवी पिढी नाचते. गाण्यातले शब्द अनेकांना कळत नाहीत. नाचणाऱ्यांत कितीतरी जण जपानीही नाहीत आणि बौद्धही नाहीत. ८ ऑगस्ट २०२३ च्या आगीत माउई बेटावरचं लाहाइना शहर जळालं. तिथल्या जोदो मिशनचं मंदिरही गेलं. याच समुद्रकाठी बोनचे कंदील पाण्यात सोडले जात. १९६८ मध्ये, पहिल्या मजुरांच्या आगमनाला शंभर वर्षं झाली म्हणून बसवलेली बुद्धांची मोठी मूर्ती मात्र राखेत तशीच उभी राहिली.

मग इतक्या वर्षांनी नक्की काय टिकलं? भाषा बरीचशी गेली. श्रद्धा कोणाची आहे, कोणाची नाही. टिकली ती एक साधी सोय. या वर्तुळात शिरायला कोणी नाव-गाव विचारत नाही. पावलं येत नसतील तर पुढच्याकडे बघायचं आणि चालू लागायचं. मळ्यातल्या मजुराची नातवंडं अशीच शिकली आणि त्यांचे शेजारीही असेच शिकले.

आपल्यापैकी काहीजण उद्या एम.एस. किंवा नोकरीसाठी परदेशात जातील. तिथे आपण गणपती बसवू, दिवाळी करू. तेव्हा एवढंच बघायचं, की आपली भाषा न येणारा शेजारी किंवा आपलंच मराठी विसरलेलं पोर दारात आलं, तर त्याला पुढच्याकडे बघून सामील होता येईल ना?