उंबऱ्याच्या अलीकडे

मुनिरक्यातल्या मराठी घरात पाहुणे बारमाही असतात. कुणी एम्समध्ये दाखवायला आलेलं, कुणी यूपीएससीच्या मुलाखतीला, कुणाची लेक शेजारच्या जेएनयूत शिकणारी. काम उरकलं की हमखास विचारणा होते, "गांधीजी गेले ते घर दाखवशील?" किंवा "बाबासाहेब शेवटी राहायचे तिथे नेशील?" या माणसांबरोबर मी दिल्लीतली घरं पुन्हा पुन्हा पाहत आले. जुन्या वास्तूंमध्ये संग्रहालयाची मांडणी करणं हा माझा व्यवसायही आहे. सध्या टेबलावर महाराष्ट्रातल्या एका वाड्याचा नकाशा पसरलेला आहे. विश्वस्तांना तिथे स्वागतकक्ष हवा आहे. त्यांच्यासाठी टिपणं काढताना जे कागदावर उतरलं, ते इथे देते.

१. स्वागतकक्ष हवा तो आधी घरासाठी, मग पाहुण्यांसाठी.

तिकीट, पिशव्या, चपला, पाण्याचे जार, पुस्तकविक्री, दहा मिनिटं टेकायला बाकडी, हे सगळं कुठेतरी ठेवावंच लागतं. वेगळी जागा नसली की ते हळूहळू घरात शिरतं. देवडीत तिकिटाचं टेबल येतं, ओसरीवर चपलांची मांडणी, माजघरात पुस्तकांची कपाटं. मग माणूस इतक्या लांबून येऊन पाहतो काय, तर एक कार्यालय.

सेवाग्रामला हे फार चांगलं सांभाळलं आहे. १९३६ साली गांधीजी तिथे राहायला गेले तेव्हा त्यांची अट होती की झोपडीला पाचशे रुपयांहून जास्त खर्च होता कामा नये आणि सामान आसपासचंच वापरायचं. माती, बांबू, कौलं. अशा वास्तूला खेटून टाइल्सचं स्वच्छतागृह उभं राहिलं असतं, तर ती अट कुणाला पटवून सांगता आली नसती. मुक्कामाचं यात्री निवास रस्त्यापलीकडे आहे. आश्रमात पाऊल टाकल्यावर पुन्हा माती, सावली आणि झाडांखालची मोकळी जागा. मधला रस्ता ओलांडण्यात माणसाची चालही बदलते. हा रस्ता मी प्रत्येक आराखड्यात शोधते.

२. वाड्याला स्वागत करता येतं. त्याला ते करू द्यावं.

आपल्याकडे परक्या माणसाला थेट आत घेत नसत. दिंडी दरवाजा, मग देवडी, मग चौक, मग ओसरी. ओसरीवर पाणी मिळायचं, तिथेच काम काय ते विचारलं जायचं. माजघरापर्यंत जवळचेच जात. ही पायरी-पायरीची वाट म्हणजे त्या घराची रीत, आणि घर समजून घ्यायचं तर ती पायांनी समजावी लागते. आर्किटेक्ट मंडळींना रांग वळवायला सोयीचं म्हणून परसदारातून प्रवेश द्यायचा मोह होतो. मी त्याला ठाम विरोध करते. जी माणसं त्या घरातल्या थोर माणसाला भेटायला येत, ती ज्या दारातून आली, त्याच दारातून आजच्या पाहुण्यानेही आत जावं.

३. नवीन इमारत बांधण्याआधी गल्लीतली रिकामी इमारत पाहावी.

वास्तू केंद्र सरकारच्या संरक्षित यादीत असेल तर तिच्याभोवतीच्या १०० मीटरमध्ये नवं बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी घ्यावी लागते. विश्वस्तांना हा जाच वाटतो. मला तो उपकार वाटतो. बंद पडलेलं दुकान, जुनी शाळा, रिकामी चाळ भाड्याने घेतली तर पैसे वाचतात आणि गल्लीही हलती राहते.

बांधायचंच झालं, तर दिल्लीतल्या हुमायूनच्या मकबऱ्याचं संग्रहालय पाहून यावं. २०२४ मध्ये उघडलेली ही इमारत जुन्या बावड्यांसारखी जमिनीखाली उतरते. एवढं मोठं काम, पण मकबऱ्याच्या दर्शनाच्या आड येत नाही.

४. घरच उरलं नाही, तर इमारत कितीही मोठी असो, ती कमी पडते.

दिल्लीतलं २६, अलीपूर रोड. मंत्रिपद सोडल्यावर बाबासाहेब इथे राहायला आले आणि ६ डिसेंबर १९५६ रोजी इथेच त्यांचं महापरिनिर्वाण झालं. २०१८ साली इथे उघड्या संविधानाच्या आकाराचं भव्य राष्ट्रीय स्मारक झालं. आत पाहण्यासारखं, शिकण्यासारखं पुष्कळ आहे आणि लोक भक्तिभावाने पाहतात. पण मराठवाड्यातून आलेल्या एका आजींनी सगळं पाहून झाल्यावर मला विचारलं, "साहेबांची लिहायची खोली कुठली?" मूळ बंगला आता उभा नाही. आजींना खोली दाखवता आली नाही, याची चुटपुट मला आजही आहे. म्हणून ज्या विश्वस्तांच्या हाती खरी खोली, खरा कोनाडा, खरा उंबरा आहे, त्यांना मी हात जोडून सांगते की पहिला रुपया छपराच्या गळतीवर खर्च करा.

५. आत जाण्यापूर्वी थोडंच सांगावं, पण नेमकं सांगावं.

गांधीजी गेले त्या घरी, म्हणजे दिल्लीतल्या गांधी स्मृतीत, पोचणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला ३० जानेवारी १९४८ माहीत असतो. खोलीपासून प्रार्थनास्थळापर्यंत उमटवलेली पावलं पाहून माणसं गलबलतात. पण गांधीजी बिर्लांच्या या घरी का होते? दिल्लीत ते भंगी कॉलनीत उतरत. सप्टेंबर १९४७ मध्ये ती निर्वासितांनी भरली होती, म्हणून त्यांना इथे आणलं गेलं. इथे ते १४४ दिवस राहिले. जानेवारीत त्यांनी शांततेसाठी उपोषण केलं ते इथेच. २० जानेवारीला प्रार्थनेच्या वेळी इथेच बॉम्बस्फोट झाला, तरी प्रार्थना थांबली नाही. पाहुण्यांना मी हे फाटकाशीच सांगते, पाच मिनिटांत. त्यानंतर त्यांना ती पावलं वेगळी दिसतात, कारण धोका ठाऊक असूनही रोज चालत गेलेल्या माणसाची ती पावलं आहेत, हे त्यांना कळलेलं असतं.

स्वागतकक्षात एवढंच हवं. तासाभराची फिल्म नको, जन्मापासूनची वंशावळ नको. या घरात हा माणूस का आणि इथे असं काय घडलं, एवढं कळलं की बाकीचं घर सांगतं.

६. गर्दी चौकावर मोजू नये, जिन्यावर मोजावी.

चौकात शंभर माणसं सहज मावतात, पण लाकडी जिन्यावर समोरासमोर दोघं आली की अडतं. मुंबईचं मणिभवन हे तीन मजली घर. गांधीजींची खोली दुसऱ्या मजल्यावर, आणि १९३२ च्या जानेवारीत पहाटे त्यांना अटक झाली ती गच्ची त्याहून वर. अशा घरात एका वेळी किती जणांना सोडायचं, हे जिना ठरवतो. उरलेले बाहेर थांबणार, म्हणून त्यांना सावली, पंखा आणि बसायला जागा पाहिजे. ज्यांना जिना चढवत नाही त्यांच्यासाठी वरच्या खोलीचं नीट चित्रण खाली दाखवावं. चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला पडद्यामागे बसवल्यासारखं वाटू नये.

७. स्वच्छतागृह. याबद्दल वाद नको. आधी ते बांधा, नंतर बोधचिन्ह.

८. सोमवार!

गांधी स्मृती सोमवारी बंद असते. डॉक्टरांची तारीख मंगळवारची, परतीचं तिकीट बुधवारचं, हाताशी फक्त सोमवार, अशी कितीतरी माणसं मी पाहिली. सुट्टी हवीच, घरालाही झाडलोट, दुरुस्ती लागते. पण स्वागत गावाच्या स्टँडवर, स्टेशनवर, लॉजच्या काउंटरवर सुरू व्हावं. वार, वेळ, रिक्षाचा थांबा, एवढा कागद तिथे लावला तरी हेलपाटा वाचतो.

९. शेजाऱ्यांना सगळ्यात आधी भेटावं.

लंडनमधलं १०, किंग हेन्रीज रोड हे घर महाराष्ट्र सरकारने २०१५ साली विकत घेतलं. १९२१-२२ मध्ये विद्यार्थी आंबेडकर तिथे राहत होते. स्मारकाचं उद्घाटन झालं, लोक येऊ लागले, आणि शेजारच्या काही रहिवाशांनी गर्दी-गोंगाटाची तक्रार केली. राहत्या घराचं संग्रहालय करायला तिथल्या कॅम्डेन कौन्सिलने नकार दिला. अपील झालं, चौकशी झाली, आणि २०२० च्या मार्चमध्ये ब्रिटिश सरकारकडून परवानगी मिळाली. वस्तीतल्या घराचं स्मारक करणं म्हणजे वस्तीच्या रोजच्या जगण्यात हात घालणं, हे यातून शिकावं.

पुण्यात गंज पेठेतला फुले वाडा असाच दाट वस्तीत आहे. ज्योतिरावांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्यांसाठी खुला केला, तो शेजारपाजारच्या तहानेसाठी. २८ नोव्हेंबरला, ज्योतिरावांच्या स्मृतिदिनी, तिथे माणसांची रीघ लागते. अशा वाड्याच्या स्वागतकक्षात वस्तीतल्या मुलांना संध्याकाळी अभ्यासाला बसता आलं, नळ गल्लीसाठी खुला राहिला, तर ते त्या घराच्या स्वभावाला धरून होईल.

१०. तिकीटखिडकीमागच्या माणसाचा पगार अंदाजपत्रकाच्या पहिल्या पानावर हवा.

पडदे आणि प्रोजेक्टर देणगीतून येतात, माणसाचा पगार मात्र दरमहा लागतो. म्हणून सगळे त्याचा विचार शेवटी करतात आणि कंत्राटी पहारेकरी बसवून मोकळे होतात. तो बिचारा "फोटो नाही, हात लावू नका" एवढंच म्हणतो, कारण त्याला दुसरं काही कुणी शिकवलेलंच नसतं. माझ्या आराखड्यात वाड्याच्या गल्लीतल्या चार जणींची नेमणूक आहे. त्यांना घराचा इतिहास, प्रथमोपचार आणि मराठी-हिंदीत सांगण्याचा सराव द्यायचा. विश्वस्तांनी ही ओळ खोडून तिथे एलईडी भिंत लिहून पाठवली. मी ती ओळ पुन्हा घातली आहे, तीन वर्षांच्या पगाराच्या हिशेबासह.