ओवी कुणाची?

आमचा वर्ग रात्री आठला भरतो. एके दिवशी एक आजी मोबाइल घेऊन आल्या. म्हणाल्या, "बाई, हे ऐका. नातवाला कुणीतरी धाडलंय."

आम्ही ऐकले. कोणी बाई जात्यावरची ओवी म्हणत होती. मागे जात्याची घरघर येत होती. वर्ग गप्प झाला.

"ही ओवी माझी आई म्हणायची," आजी म्हणाल्या. "पण शेवट निराळा होता."

"ही बाई कोण? कोणत्या गावची?" मी विचारले.

"ते काय ठावं? नुसता आवाजच आलाय."

पूर्वी घरोघरी जाते होते. पहाटे दोघी समोरासमोर बसत. खुंटा धरून दळत, आणि दळता दळता ओवी येई. भावाची, माहेराची, विठ्ठलाची. सासरच्या जाचाचीही. माणसांपुढे जे बोलता येत नसे, ते जात्यापुढे बोलत. मग गावात गिरणी आली. बायकांचे कष्ट वाचले, ते बरेच झाले. पण जाते थांबले, तशी ओवीही थांबली.

हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी पॉइत्वां यांनी हे ओळखले. त्यांनी व त्यांच्या सोबत्यांनी महाराष्ट्रात गावोगाव फिरून १,००,००० हून जास्त ओव्या लिहून घेतल्या. बर्नार्ड बेल यांनी पुष्कळ ओव्यांचा आवाजही भरून घेतला. २०१७ पासून 'पारी' नावाच्या संकेतस्थळाने या ओव्या इंटरनेटवर ठेवल्या.

तेथे ओवीबरोबर काय काय असते, पाहा. ओवीचे शब्द असतात. गाणारीचे नाव असते. गाव, तालुका, जिल्हा असतो. कोठे तिचा फोटो, कोठे छोटी फिल्मही असते. सातबाऱ्यावर कित्येकींचे नाव कधी चढले नाही. ओवीखाली मात्र आहे. मला ही गोष्ट ओवीइतकीच मोलाची वाटते.

मग नाव हरवते कसे? कोणी नुसता आवाज कापून घेतो. दुसऱ्याला धाडतो. दुसरा तिसऱ्याला धाडतो. नाव मागेच राहते. म्हणून गाणे आवडले, तर त्या पानाचा पत्ता धाडावा. त्याला लिंक म्हणतात. ज्याला धाडली, त्याने लिंकवर बोट ठेवले की सबंध पान उघडते, नावासकट. चित्र असो, फिल्म असो, रीत हीच.

त्या रात्री आम्ही ते पान उघडले. आजींच्या आईची ओवी काही सापडली नाही. पण दुसऱ्या एका ओवीखालचे नाव आजींनी अक्षर लावून वाचले. मग गाव वाचले. तालुक्याच्या नावात जोडाक्षर आडवे आले, ते शेजारणीने सांगितले.

"बाई, आई तर गेली. पण तिची ओवी मला येती. भरा की यात."

त्यांनी ओवी म्हटली. मी ती मोबाइलमध्ये भरली. आता नातवाला धाडणार, तोच त्यांनी माझा हात धरला.

"थांबा. आधी नाव लिहू द्या."

एकेक अक्षर शोधून त्यांनी लिहिले. पहिले आईचे नाव. मग आईच्या गावाचे. स्वतःचे सर्वांत शेवटी.