चिंचोके, कवड्या आणि पाटीवरची बेरीज

जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातील बाटुमी येथे आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखने कोनेरू हम्पीला टायब्रेकमध्ये हरवून महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकला आणि वयाच्या १९ व्या वर्षी ती ग्रँडमास्टर झाली. सर्वांना आनंद झाला. तेव्हापासून ओळखीचे पालक आम्हाला विचारतात, "मुलाला बुद्धिबळाच्या क्लासला घातले तर त्याचे गणित सुधारेल काय?" काहींची तक्रार उलट असते : "पोरगं दिवसभर खेळतंच राहते, पुढे त्याचा काय उपयोग?" क्लासची फी असो की मुलाचा वेळ, आपल्या वस्तीत दोन्ही मोजूनमापूनच खर्च होतात. म्हणून या प्रश्नाचा थोडा अभ्यास करावा असे आम्हाला वाटले.

बुद्धिबळाचे उत्तर लवकर देता येते. इंग्लंडमध्ये १०० प्राथमिक शाळा घेऊन हा प्रयोग झाला. निम्म्या शाळांत मुलांना वर्षभर बुद्धिबळ शिकविले. पुढे वर्षभराने गणिताची परीक्षा पाहिली, तेव्हा शिकलेल्या व न शिकलेल्या मुलांत फरक आढळला नाही. हा निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाला. बुद्धिबळ आवडत असेल तर मुलाने जरूर खेळावे. पण गणिताच्या आशेने फी भरू नये.

आता आपले घरगुती खेळ. अष्टाचंगा घ्या. फरशीवर खडूने पाच गुणिले पाच अशी २५ घरे आखायची. बाहेरच्या फेरीत १६, आतल्या फेरीत ८ आणि मधले एक. चार कवड्या, नाहीतर फोडलेल्या चिंचोक्यांच्या चार फाकी टाकायच्या. चारही उताण्या पडल्या तर चार, चारही पालथ्या पडल्या तर आठ. फाकीच्या दोन्ही बाजू सारख्याच वेळा पडतात असे धरले, तर एकूण १६ प्रकारांपैकी दोनचे दान ६ प्रकारांनी पडते, एक व तीन प्रत्येकी ४ प्रकारांनी, आणि चार व आठ प्रत्येकी एकाच प्रकाराने. हा हिशेब कोणी न शिकविताही आठ वर्षांची पोर आपली सोंगटी दुसऱ्याच्या दोन घरे पुढे ठेवायला कचरते. संभाव्यता हा शब्द तिला पुढे दहावीत भेटतो, तोही भेटला तर.

तेव्हा खेळातून काहीतरी येते हे निश्चित. ते शाळेत उपयोगी पडते काय, हा खरा प्रश्न आहे. दिल्लीत 'प्रथम' या संस्थेच्या २१४ बालवर्गांत सुमारे १,५०० मुलांवर याची तपासणी झाली. काही वर्गांत चार महिने ठिपक्यांचे कमी-जास्त ओळखणे, वेगळा आकार शोधणे असे साधे खेळ घेतले. मुलांची ती समज वाढली आणि वर्षभरानंतरही टिकली. परंतु पहिलीच्या गणितात ती मुले इतरांच्या पुढे गेली नाहीत. २०१७ सालचा हा निष्कर्ष आम्हाला प्रथम निराशाजनक वाटला.

त्याचे कारण उमगायला बाजाराकडे पाहावे लागते. नोबेल विजेते अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो व त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता व दिल्लीच्या बाजारात काम करणाऱ्या सुमारे १,४०० मुलांची पाहणी २०२५ साली प्रसिद्ध केली. ही मुले दोन-तीन वस्तूंचा वजनाप्रमाणे हिशेब तोंडी करून उरलेले पैसे बिनचूक परत देत. तीच मुले पुस्तकी पद्धतीच्या सोप्या उदाहरणात अडत. आम्हाला यात नवल वाटले नाही. बँकेच्या काउंटरवर भाजी विकणाऱ्या आजीबाई भरण्याची रक्कम आमच्या आधी सांगतात, आणि स्लिपवर आकडा लिहायची वेळ आली की स्लिप शेजारच्याकडे सरकवतात. हिशेब डोक्यात असतो, तो कागदावर यायची वाट कोणी दाखविलेली नसते. या वाटेअभावी किती हुशार मुले 'ढ' ठरली असतील!

ही वाट साध्या खेळातही आखता येते. अमेरिकेत पिट्सबर्ग येथे रॉबर्ट सिग्लर व गीता रमाणी यांनी गरीब घरांतील चार-पाच वर्षांच्या मुलांना एका ओळीतील दहा घरांचा पट दिला. घरांवर १ ते १० आकडे होते, आणि सोंगटी सरकवताना तो आकडा मोठ्याने म्हणायचा एवढाच नियम. दोन आठवड्यांत चार बैठका, प्रत्येक पंधरा-वीस मिनिटांची. मुलांची अंकांची जाण सुधारली व नऊ आठवड्यांनीही टिकून राहिली. दुसऱ्या गटाला तसाच पट दिला, पण आकड्यांऐवजी रंग होते. त्या मुलांना हा लाभ झाला नाही.

म्हणजे खेळ तोच, फरक आकडा दिसण्याचा आणि बोलण्याचा. आमची सूचना एवढीच की घरातील मोठ्यांपैकी एकाने दहा-पंधरा मिनिटे मुलांबरोबर बसावे. अष्टाचंग्याच्या घरांत क्रमाने आकडे लिहावेत आणि सोंगटी सरकेल तसे ते मोठ्याने म्हणावेत. सागरगोट्यांत किती झेलले, किती राहिले, ते मुलीने स्वतः पाटीवर मांडावे : ५ – २ = ३. अक्षरओळख नसलेल्या आजीलाही या खेळात घ्यावे. तोंडी हिशेब तिचा, लिहिणे नातीचे. खर्च म्हणाल तर खडूचा एक तुकडा, आणि चिंचोके आपल्याकडे विकत घ्यावे लागत नाहीत.