बाबा घडतो किती तासांत?

माझ्या पिढीतल्या बहुतेक मराठी बाबांनी आपल्या वडिलांना तान्हं बाळ सांभाळताना पाहिलेलंच नाही. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. शेक-शेगडी, टाळूला तेल, डिंकाचे लाडू हे सगळं खातं आजी, मावशी आणि मालिशवाल्या बाईंकडे. वडील पेढे वाटायचे, बारशाला हजर व्हायचे आणि बाळ घरी यायचं ते मान धरायला लागल्यावरच. या पद्धतीत बाळंतिणीला हक्काची विश्रांती मिळायची, त्यामुळे तिला नावं ठेवायची माझी इच्छा नाही. पण 'पुरुषांना तान्ह्या बाळातलं काही कळत नाही' हा समज पक्का व्हायलाही तिचाच हातभार लागला.

कॅनडात माहेर बारा हजार किलोमीटरवर. आजीचा व्हिसा बाळाची वाट बघत थांबत नाही. दवाखान्यातून एक-दोन दिवसांत घरी पाठवतात आणि मग घरात उरतात तिघंच. आमच्याकडेही तेच झालं. तेव्हापासून, प्रयोगशाळेतल्या सवयीनं म्हणा, मी एकच प्रश्न घेऊन वाचत होतो: पुरुषाच्या शरीरात बाप होण्याची काही तयारी असते का?

याचा एक चांगला धागा कॅनडातच सापडतो. किंग्स्टनच्या क्वीन्स विद्यापीठात कॅथरीन विन-एडवर्ड्स हॅमस्टरच्या एका मध्य आशियाई जातीवर काम करत होत्या. या जातीतला नर चक्क सुईण होतो. पिल्लाला बाहेर ओढतो, चाटून स्वच्छ करतो, त्याच्या नाकपुड्या मोकळ्या करतो. मग माणसाचं काय? न्यूफाउंडलंडच्या मेमोरियल विद्यापीठातल्या ॲन स्टोरी आणि विन-एडवर्ड्स यांनी सहकाऱ्यांसोबत ३४ जोडप्यांचं रक्त तपासलं. २००० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. प्रसूती जवळ आलेल्या बायकांच्या नवऱ्यांमध्ये प्रोलॅक्टिन (हो, दुधाशी ज्याचं नाव जोडलेलं आहे तेच संप्रेरक) वाढलेलं होतं आणि बाळ झाल्यावर टेस्टोस्टेरॉन कमी दिसत होतं. गंमत म्हणजे ज्या पुरुषांना बायकोबरोबर थकवा, भुकेतले बदल अशी लक्षणं जाणवली, म्हणजे आपल्या भाषेत ज्यांना डोहाळे लागले, त्यांच्यात प्रोलॅक्टिन जास्त होतं.

मात्र इथे वेगवेगळ्या टप्प्यांवर वेगवेगळी जोडपी तपासली होती. मुळातच कमी टेस्टोस्टेरॉन असलेले पुरुष बाप होतात, असाही अर्थ कुणी काढू शकलं असतं. ती शंका फिलिपीन्समधल्या सेबू शहराच्या अभ्यासानं फेडली. ली गेटलर आणि सहकाऱ्यांनी ६२४ तरुणांना २००५ आणि २००९ असं दोनदा तपासलं. ज्यांचं टेस्टोस्टेरॉन आधी जास्त होतं, तेच पुढे बाप होण्याची शक्यता अधिक निघाली. आणि बाप झाल्यावर त्यांचं सकाळचं प्रमाण साधारण २६ टक्क्यांनी, संध्याकाळचं ३४ टक्क्यांनी उतरलं. दिवसाला तीन तास किंवा जास्त वेळ मुलांचं करणाऱ्या बापांमध्ये ते सर्वांत कमी होतं. (यात मर्दानगी घटल्याचं दुःख मानण्यासारखं काही नाही. शरीर एका कामावरून दुसऱ्या कामावर वळतं, इतकंच.)

माझ्या मते यातला 'तीन तास' हा भाग सर्वांत महत्त्वाचा. इस्रायलमध्ये रूथ फेल्डमन यांच्या गटानं २०१४ मध्ये पहिलटकर पालकांच्या मेंदूंची चित्रं घेतली. बापांच्या मेंदूत भावनिक सावधपणाचं आणि दुसऱ्याचं मन ओळखण्याचं, अशा दोन केंद्रांमधला दुवा, बाळाला प्रत्यक्ष सांभाळण्यात जितका वेळ गेला तितका घट्ट होता. आईला गरोदरपण आणि प्रसूती यांतून एक सुरुवात मिळते. बापाला ती तासांनी कमवावी लागते. बाळाकडूनही आयतं काही मिळत नाही. नवजात बाळ आईचा आवाज ओळखून तो पसंत करतं, पण १९८४ च्या एका प्रयोगात बाळांना वडिलांचा आवाज वेगळा कळत असूनही त्याची खास ओढ दिसली नव्हती. नाराज होऊ नका, आईला नऊ महिन्यांची आघाडी आहे.

तर हे तास घालवायचे कशात? दूध पाजणं सोडून जवळजवळ सगळ्यात. लंगोट, अंघोळ, ढेकर काढणं, अंगावर पिणाऱ्या बाळाला इथे रोज द्यायला सांगतात ते ४०० युनिट ड जीवनसत्त्वाचे थेंब. आणि मुख्य म्हणजे कडेवर घेऊन फिरणं. माँट्रियलमध्ये हुन्झिकर आणि बार यांनी १९८६ साली दाखवलं की रोज जास्त वेळ उचलून घेतलेली बाळं सहा आठवड्यांची असताना ४३ टक्के कमी रडत होती. त्या अभ्यासात उचलणाऱ्या आया होत्या, पण छाती आणि दोन हात बापालाही असतात. यात अट एकच: बाळ रडायला लागल्यावर नव्हे, शांत असतानाही घ्यायचं. आधीच अतोनात रडणाऱ्या बाळांवर बार यांनीच नंतर हा उपाय करून पाहिला, तेव्हा फरक पडला नाही.

म्हणून हेही सांगायला हवं. रडणं दुसऱ्या महिन्याच्या आसपास शिगेला पोचतं आणि काही संध्याकाळी कशानेच थांबत नाही. ताप, उलट्या, दूध न पिणं असं काही असेल तर डॉक्टर. तसं काही नसेल आणि तुमचाच तोल जातोय असं वाटलं, तर बाळाला पाळण्यात उताणं ठेवा, दुसऱ्या खोलीत जा, पाणी प्या, दहा मिनिटांनी परत या. बाळाला कधीही गदागदा हलवू नका, त्यानं मेंदूत रक्तस्राव होतो. प्रसूतीनंतरचं नैराश्य बापांनाही येतं. २०१० सालच्या एका मोठ्या आढाव्यात दहातल्या एका बापाला ते जाणवल्याचं दिसलं. 'बायकोनं सोसलं, मी कसा रडू' म्हणून ते लपवण्यात अर्थ नाही.

राहता राहिला प्रश्न तास आणायचे कुठून. क्युबेकनं २००६ पासून फक्त वडिलांसाठी पाच आठवड्यांची पगारी रजा ठेवली. ती आईच्या नावावर करता येत नाही, घेतली नाही तर बुडते. परिणाम असा की आता तिथे रजा न घेणारा बाप वेगळा दिसतो. अंकिता पटनाईक यांच्या २०१९ च्या अभ्यासानुसार ज्या घरांत ही रजा लागू झाली, तिथे रजा संपल्यावर पुढची काही वर्षंही वडील घरकामाला जास्त वेळ देत होते आणि आया नोकरीला. पाच आठवड्यांत सवय लागली होती.

उरलेल्या कॅनडात मार्च २०१९ पासून अशीच सोय आहे. एकट्या पालकाला ३५ आठवड्यांपर्यंत भत्ता मिळतो, दोघांनी वाटून घेतला तर एकूण ४०. लांबलेल्या, कमी दराच्या पर्यायात वाढीव आठवडे आठ. अर्ज दोघांनी वेगवेगळा करायचा असतो आणि कोणता पर्याय हवा हे आधीच ठरवावं लागतं, कारण भत्ता सुरू झाल्यावर तो बदलता येत नाही.